पांढरीच्या कडेने पाइपलाइन

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं प्रवरेच्या खोऱ्यातल्या एका पाणी योजनेची लाइन चालायला निघालो. लाइन अजून जमिनीत गेली नव्हती. चुन्याची फक्की आणि ठरावीक अंतरावर रोवलेल्या लाल टोकाच्या खुंट्या, एवढीच तिची खूण होती. नदीकाठच्या जॅकवेलपासून, म्हणजे जिथून पाणी उचलायचं त्या विहिरीपासून, शेवटच्या गावच्या टाकीपर्यंत ३१ किलोमीटर. मशीन येण्याआधी या पट्ट्यात जमिनीवर आणि जमिनीत जुनं काय आहे ते बघायचं, लिहून काढायचं आणि जिथे धक्का लागेल तिथे लाइन सरकवायला सांगायचं, हे आमचं काम.

गावांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. 'जुनं सापडलं' एवढं कानावर गेलं की रात्री बॅटऱ्या घेऊन धन उकरायला येणारी माणसं असतात, आणि या जागांवर राखण कुणाचीच नाही.

आपल्याकडे अशी पाहणी सहसा होत नाही. १९५८च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१०मध्ये दुरुस्ती झाली. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित ठरले. पण त्याच कायद्यात 'बांधकाम' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यातून लोकांसाठीच्या पाणीपुरवठ्याची आणि वीजवाटपाची कामं वगळली आहेत. कारण समजण्यासारखं आहे, स्मारकाशेजारच्या वाडीलाही पाणी लागतंच. मात्र जी जागा कुठल्याच यादीत नाही, तिच्यासाठी १०० मीटरही नाहीत आणि २००ही नाहीत. खोऱ्यातल्या बहुतेक जुन्या वस्त्या अशाच यादीबाहेरच्या आहेत. आमच्या योजनेत एका परदेशी विकास बँकेचं कर्ज होतं. अशा कर्जाला सांस्कृतिक वारशाची अट जोडलेली असते, जागतिक बँकेच्या २०१८पासून लागू झालेल्या चौकटीतलं आठवं मानक तर याच विषयावर आहे. ती अट होती म्हणून आम्ही होतो.

मी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले. विद्यार्थी असताना उत्खननाच्या खड्ड्यात ब्रश आणि करणी घेऊन महिनेच्या महिने बसले. लाइन चालणं हे त्याहून फार वेगळं. उत्खननाची जागा आपण निवडतो. इथे ती इंजिनिअरने पंपाचा हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं ते, आणि जमिनीचा चढउतार बघून निवडलेली असते. त्यामुळे आपल्या अभ्यासातलं कुणी आपणहून कधी गेलं नसतं अशा शिवारांतून, कुणाच्या गोठ्यामागून, कुणाच्या डाळिंबाच्या बागेतून जावं लागतं. मला हे काम याच कारणासाठी आवडतं.

चालण्याआधी दोन आठवडे कागद. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट, पुरातत्त्व खात्याच्या जुन्या वार्षिक अहवालांतल्या गावांच्या याद्या, गॅझेटिअर, तलाठी कार्यालयातले गावनकाशे. गावनकाशा हा माझा सगळ्यात लाडका कागद, कारण त्यावर शेतांची बोलीतली नावं सापडतात. 'जुनं गावठाण', 'गढीचं रान', 'पांढरीची पट्टी' अशी नावं दिसली की पेन्सिलीने गोल करायचा. महसुलाच्या दप्तरात अजूनही बेचिराख गावांच्या नोंदी आहेत. गावाचं नाव आहे, शिवार आहे, पण घर एकही नाही. अशा गावात कधीतरी लोक राहत होते, हे सरकारी कागदच सांगतो. मग उपग्रहाचं चित्र. एप्रिल-मे महिन्यांतलं, शेतं मोकळी असतानाचं. काळ्या जमिनीत एखादा फिकट राखाडी डाग दिसला आणि जवळ ओढ्याचं वळण असलं, की तिथे पाय ठेवायचाच.

नव्या वाचकासाठी थोडं सांगते. आपल्या गावाच्या जमिनीचे जुने भाग दोन, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी राहण्याची. एकाच जागी पिढ्यान् पिढ्या माणसं राहिली की चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती, कुडाचा गिलावा असं सगळं साचून माती पांढुरकी, मऊ, भुसभुशीत होते आणि जमीन टेकाडासारखी फुगते. प्रवरा, गोदावरी, घोड या नद्यांकाठच्या अशाच टेकाडांत साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची गावं सापडली. संगमनेरजवळच्या जोर्वे गावात १९५०-५१मध्ये सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. तिथल्या काळ्या नक्षीच्या लाल भांड्यांवरून त्या संस्कृतीलाच जोर्वे हे नाव पडलं. दायमाबादचा ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस तर १९७४मध्ये गावातल्या एका भिल्ल माणसाला झुडपाचं मूळ खणताना मिळाली. अभ्यासकांच्या आधी ती त्याच्या कुदळीला लागली. जमिनीत काय आहे हे जमीन कसणाऱ्याला आधी कळतं, हे या खोऱ्यात तरी विसरून चालत नाही.

पट्टा वीस मीटरचा. चौघांनी पाच-पाच मीटर अंतर ठेवून, मान खाली घालून, हळूहळू चालायचं. हातात जीपीएस, मोजपट्टी, खुरपं, कापडी पिशव्या, चिठ्ठ्या. प्रत्येक शेताला जमीन किती दिसते हेही लिहायचं. नुकतंच नांगरलेलं रान म्हणजे जमीन उघडी. गव्हाची धसकटं असतील तर निम्मी. ऊस उभा असेल तर काहीच नाही. ऊसाच्या शेतापुढे वहीत 'दिसत नाही' असं लिहायचं, 'काही नाही' असं लिहायचं नाही. पहिल्याच दिवशी मी बरोबरच्या मुलांना हे दोनदा सांगितलं. या दोन शब्दांतल्या फरकाने पुढे एखादं अख्खं टेकाड जातं. त्या ३१ किलोमीटरमधला जवळजवळ तिसरा हिस्सा उसाखाली होता. तिथे तोडणी झाल्यावर परत यायचं ठरलं आणि आम्ही गेलोही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फक्कीची रेघ एका पिंपळाच्या पाराला अगदी घासून गेलेली दिसली. पाराला टेकून तीन दगड उभे होते. शेंदराचे थरावर थर बसलेले, पुढे नारळाची करवंटी. गावात त्यांना म्हसोबा म्हणत. मधल्या दगडावर खालच्या अंगाला शेंदूर पातळ होता, तिथे तिरकं ऊन पडल्यावर गाईचं शिंग दिसलं. मग हळूहळू सगळंच दिसायला लागलं. खालच्या चौकटीत गाई आणि हातात तलवार घेतलेला माणूस, मधल्या चौकटीत त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच माणूस. माथ्यावर चंद्र-सूर्य. वीरगळ. गावाच्या गाई सोडवताना मेलेल्या माणसाचा दगड. त्याचं नाव पुसलं, लढाई विसरली, तरी दर अमावास्येला त्याला नारळ फुटतोच आहे. मी शेंदूर खरवडला नाही. तो त्यांचा देव आहे. फोटो काढले, मापं आणि चेनेज, म्हणजे लाइनवरचं अंतर, लिहिलं आणि पोलीस पाटलांना बोलावून लाइन पारापासून लांब घ्यायला लावू असं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, आमी तसंबी तिथं मशीन येऊ देणार नव्हतो." यादीतलं संरक्षण नसलं तरी हे एक संरक्षण असतं. फक्त पांढरीला ते मिळत नाही, कारण पांढरीला कुणी शेंदूर लावत नाही.

चौथ्या दिवशी, साधारण बाराव्या किलोमीटरला, खापरांचं प्रमाण एकदम वाढलं. त्याआधीच्या शेतांत पन्नास पावलांत एखादं खापर, तेही अलीकडच्या मडक्याचं. आता पावलागणिक. खुंटीवर 'थांबा' अशी चिंधी बांधली आणि दोन बाय दोन मीटरचे चौकोन आखून मोजायला सुरुवात केली. एका चौकोनात सत्तेचाळीस. त्यांतलं एक मी अंगठ्याने पुसलं. नारिंगीकडे झुकणारा लाल रंग, वर काळ्या रंगात तिरप्या रेघांची जाळी, भाजणी इतकी पक्की की नखाने टिचकी मारल्यावर खणकन वाजतं. वाडग्याचा खांदा होता, कोन असलेला. जोर्वे. शेजारच्या पोराच्या तळहातावर ठेवलं तर तो कितीतरी वेळ काही बोललाच नाही. इसवी सनापूर्वी १४०० ते ७०० या काळात कधीतरी कुणीतरी कुंचल्याने ओढलेली रेघ, आणि तिच्यात एका जागी हात जरा हललेला दिसत होता.

बांधावर एक आजी शेरडं राखत बसल्या होत्या. बराच वेळ आमच्याकडे बघत होत्या. शेवटी उठून आल्या. "काय हुडकताय बाई? पैका?" मी खापर दाखवलं. "हे व्हय! हे लई हाये इथं. ही आमची पांढरी. माझं सासरं गाड्या भरभरून ही माती न्यायचं. घराच्या धाब्यावर टाकायला, रानात खत म्हणून. पार ह्या बाभळीएवढं उंच टेकाड होतं." बाभळ पंधराएक फूट होती. आमच्या समोर जेमतेम दीड मीटरचा उंचवटा उरला होता. या खोऱ्यातली कितीतरी टेकाडं अशीच बैलगाडीने शेतात पसरली गेली. त्यात त्या माणसांची चूक मी धरत नाही. ती माती खरंच चांगली असते, आणि तिच्यात काय आहे हे त्यांना कुणी येऊन सांगितलं नव्हतं.

आजींनीच मग ओढ्याकडे नेलं. पावसाळ्यात दरड ढासळली होती, तिथे त्यांना 'दोन रांजणं' दिसली होती. खाली उतरून बघितलं. दरडीत, जमिनीखाली मीटरभरावर, चुन्यासारखा पांढरा चोपलेला थर, बोटभर जाड. तो घराचा जमिनीचा गिलावा. त्याच्या खाली करड्या मातीच्या दोन मोठ्या भांड्यांचे काठ, आडवी ठेवलेली, तोंडाला तोंड लावून.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात जे उत्खनन झालं, त्यात अशा जोडभांड्यांत तान्ह्या मुलांची दफनं मिळाली होती, घरातल्या जमिनीखाली. भांडी न उघडता ठाम काही सांगता येत नाही, आणि उघडण्याचा अधिकार मला नव्हता. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. आमच्याकडे फक्त बघण्याची आणि नोंदीची परवानगी होती. पण आजींनी विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "आजी, बहुतेक तान्हं मूल असावं. जुन्या काळी असं पुरायचे."

आजी खाली बसल्या. "आमच्यातबी तान्ह्याला जाळत न्हाईत," त्या म्हणाल्या. "पुरत्यात. माझं पयलं तसंच पुरलंय, वरच्या रानात." मग थोड्या वेळाने, "झाका बाई ते. पाऊस पडल."

आम्ही झाकलं. आधी फोटो, मग दोरी आणि लेव्हल लावून दरडीचं १:१० मापाचं चित्र. त्याला अडीच तास लागले. मग बारीक माती, त्यावर मातीने भरलेल्या गोण्यांची रचलेली भिंत. गोण्या आजींच्या नातवाने आणून दिल्या. संध्याकाळी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला आणि तहसीलदारांना द्यायचं पत्र लिहिलं, नकाशासकट.

दुसऱ्या दिवशी साइट इंजिनिअर आले. माणूस समंजस, पण त्यांच्यावर पावसाळ्याआधी काम पुरं करण्याचा दाब होता. पहिला प्रश्न पैशाचा. लाइन ४५ मीटर दक्षिणेला घेतली तर दोन बेंड वाढणार, बेंडपाशी काँक्रीटचे ठोकळे आले, सुमारे ८० मीटर पाइप जास्त. मी गावनकाशा उघडला. दक्षिणेला जुनी पाणंद होती. सरकारी वाट, म्हणजे शेतकऱ्याची संमती आणि पिकाची भरपाई दोन्ही वाचत होती. त्यांनी तिथेच मोटारसायकलच्या सीटवर हिशेब मांडला आणि मान हलवली. मशीन येण्याआधी बोललं तर एवढ्यावर भागतं. चुन्याची रेघ पायाने पुसता येते.

जमीनमालकाची समजूत काढायला जास्त वेळ गेला. त्याला भीती होती की 'पुरातत्त्ववाले' म्हटलं की सात-बाऱ्यावर शेरा पडणार, जमीन जाणार. ही भीती प्रत्येक गावात असते आणि तिच्यापायीच लोक सापडलेलं पुन्हा पुरून टाकतात. मी त्याला स्पष्ट सांगितलं की नुसत्या नोंदीने जमीन जात नाही, रान तो नेहमीसारखं कसू शकतो, फक्त खोल नांगरट आणि माती उचलणं टाळलं तर उपकार होतील. त्याने ऐकलं. चहाही दिला.

मे महिन्यात मात्र जे व्हायला नको होतं ते झालं. मुख्य लाइनपासून एका वाडीकडे जाणाऱ्या शाखेची पाहणी बाकी होती, तिथे तेव्हा ऊस होता. तोडणी झाली आणि आम्हाला न कळवता सबठेकेदाराने तिथे जेसीबी लावला. मी पोचले तेव्हा साठेक मीटर चारी एका पांढरीच्या कडेतून आरपार गेली होती. काठावर मातीचा ढीग, ढिगात राख, हाडं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, कौलांचे तुकडे आणि आतून काळी, बाहेरून निम्मी लाल अशी खापरं. ही वस्ती सातवाहनांच्या काळातली वाटत होती. मी त्या ढिगापुढे उभी राहिले आणि मला रडू आलं. ढिगातल्या वस्तू हातात येतात, पण कोणती कुठे होती, कशावर कशाखाली होती, ते गेलेलं असतं. पानं फाडून पोत्यात भरलेल्या पोथीसारखं.

पाइप दुसऱ्या दिवशी सकाळी उतरणार होते. इंजिनिअरनी आम्हाला तोपर्यंतचा वेळ मिळवून दिला, आणखी अर्धा दिवस वाढवूनही दिला. मशीनने फाडलेली चारी वाईट, पण तिच्या दोन उभ्या भिंती शाबूत होत्या. आम्ही खुरप्याने आणि करणीने त्या हलक्या हाताने साफ केल्या. वर वीतभर नांगरटीची काळी माती. मग राखेचा करडा थर, जाडी कमी-जास्त. मग पडलेल्या भिंतीच्या भाजक्या मातीचे गोळे, त्यांतल्या एकावर कुडाच्या काड्यांचे ठसे स्पष्ट, काडीची गाठसुद्धा उमटलेली. त्याखाली पुन्हा राख, एक वाटोळा खड्डा, बहुधा धान्य साठवायचा, तळाशी काळी पडलेली माती. आणि सगळ्यात खाली पिवळी, स्वच्छ, माणसाचा स्पर्श नसलेली माती. रात्री गाडीचे दिवे आणि दोन बॅटऱ्या लावून काम केलं. खड्ड्याच्या तळाची माती दोन पिशव्या भरून घेतली, पाण्यात चाळली तर जळके दाणे मिळतात म्हणून. साठ मीटरपैकी बावीस मीटर भिंतीचं चित्र झालं. उरलेल्याचे फक्त फोटो. अकरा वाजता पाइप उतरले, दोनपर्यंत भराई झाली.

त्यानंतर एक गोष्ट बदलली. मी सगळ्या ऑपरेटरना आणि मजुरांना एकत्र बसवलं, अधिकाऱ्यांना नाही. ताटात खापरं, राख, भाजकी माती, हाडाचा तुकडा असं ठेवलं आणि एकेक त्यांच्या हातात दिलं. बकेट काळ्यातून करड्यात गेली की थांबायचं, एवढं एकच सांगितलं. ही माणसं दिवसभर मातीच पाहतात. मुरूम, चिकण, गाळ यांतला फरक ती बकेटच्या आवाजावरून सांगतात. त्यांना शिकवायला अर्धा तास पुरला, आणि तो अर्धा तास मी मार्चमध्येच द्यायला हवा होता. माझा फोन नंबर प्रत्येक मशीनच्या केबिनमध्ये खडूने लिहिला.

जानेवारीत पाणंदीच्या कडेने चारी चालू असताना दुपारी फोन आला. एका ऑपरेटरचा. "मॅडम, राख लागलीय. मशीन बंद करून उभा हाये." आम्ही तासाभरात पोचलो. चारीच्या भिंतीत खरंच राखेचा पट्टा होता, हातभर जाड, खाली भाजून लाल झालेली माती. मी उतरून साफ करायला लागले. राखेत चिपाडांचे जळके तुकडे निघाले, मग एका काहिलीच्या पत्र्याचा गंजलेला काठ. गुऱ्हाळाची चूल होती, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची असेल. पाणंदीवरून चाललेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी लगेच सांगितलं, कुणाच्या आजोबांचं गुऱ्हाळ ते.

मी चेनेज लिहिलं, फोटो काढला, चुलीची लांबी-रुंदी मोजून वहीत घेतली. ऑपरेटर वर उभा राहून बघत होता. "जुनं न्हाई का मॅडम?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "आहे. लिहून घेतलंय." मग तो केबिनमध्ये चढला.